एक सूर हलला नाही

"माझ्या मयताला विशूला वाजवू देऊ नको."

"मग कोण वाजवणार हो?"

"कुणीच नको."

हे माझ्या कानांसाठी नव्हतं. मी माळ्यावर होते, लसणाच्या जुड्या शोधत. खाली चुलीपाशी मामा आणि आत्या बोलत होते, म्हणजे माझे सासरे आणि सासू. आणि माळ्यावरून उतरायची शिडी नेमकी त्या दोघांच्या मधोमध टेकलेली होती.

लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. नव्या सुनेनं असल्या बोलण्यात वरून पाय सोडत उतरायचं म्हणजे... मी लसणाशेजारी गप्प बसून राहिले.

"पोरगं गावभर सांगत सुटलंय," आत्या म्हणाल्या. "आबांना मीच वाजवत नेणार म्हणून."

"ठाऊक हाय."

"मग त्याला वाजवायला येत न्हाई असं म्हणायचंय तुम्हाला?"

मामांना खोकला आला. तो संपेपर्यंत आत्या थांबल्या. आमच्या घरात हल्ली बोलणं खोकल्याच्या सवडीनंच चालायचं.

"त्याच्यासारखा वाजवणारा माझ्या हातून दुसरा तयार झाला न्हाई," मामा म्हणाले.

"मग?"

"मग काय... भाकरी करपतीय बघ."

विशू म्हणजे माझे हे. विश्वजित. मामा त्यांचे आबा.

भाकरी खरंच करपली होती. त्या दिवशी ती माझ्या पानात आली. मी ती तशीच खाल्ली. मला ती का करपली ते ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे असं दाखवायचं नव्हतं.

मामा फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले पाईप मेजर. बॅगपाइप वाजवणाऱ्यांच्या म्होरक्याला फौजेत तसं म्हणतात. आजऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावात काजूची झाडं खूप आणि फौजी त्याहून थोडेच कमी. सुभेदार हवालदार घराघरात आहेत, पण पाईप मेजर एकच. त्यांचं खरं नाव धोंडिबा रेडेकर, हे मला लग्नपत्रिकेवरून कळलं. गावातल्या पुष्कळांना अजून कळलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या खळ्यावर शिकवायला सुरुवात केली. कुणाला फौजेच्या बँडात भरती व्हायचं असायचं, कुणाला लग्नाच्या. मामा दोघांना सारखेच दामटायचे. पहिलं वर्षभर पिशवी द्यायचेच नाहीत. नुसती बासरीएवढी काळी नळी, बोटं बसवायला.

एकानं म्हणे विचारलं होतं, "साहेब, पिशवी कधी?"

"मागायचं विसरशील तेव्हा," मामा म्हणाले होते.

तो विसरला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

मी या घरात आले तेव्हा बॅगपाइप फक्त टीव्हीवर, सव्वीस जानेवारीच्या संचलनात पाहिलेला. जवळून पाहिला तेव्हा वाटलं, एखादं मेंढरू काखेत मारून चाललेत. चामड्याची पिशवी. तोंडात धरायला एक नळी, बोटांसाठी एक, आणि डाव्या खांद्यावर टेकणाऱ्या तीन. त्या तीन नळ्या एकच सूर धरून गुरगुरत राहतात. पिशवी तोंडानं भरायची आणि कोपरानं दाबायची. वाजवणारा श्वास घ्यायला थांबला तरी आवाज थांबत नाही, कारण तेवढ्यापुरती पिशवी त्याच्या वाटचा श्वास सोडत राहते.

आत्यांना अशी पिशवी जन्मापासून असावी, असं मला पहिल्या महिन्यात वाटायचं.

चामडं कोरडं पडू नये म्हणून पिशवीला आतून मध चोळतात. मधाला मुंग्या येतात. मामांचा आणि यांचा, दोन्ही पाईप आढ्याला टांगलेले असायचे, आणि दोरीवरून मुंग्या उतरतात का ते बघायचं काम माझ्याकडे आलं. माहेरी विचारायचे, सासरी काय काम पडतं गं? मी सांगायचे, मुंग्या.

आणखी एक रीत मला उशिरा समजली. पाईप हातात असला की हे मामांना 'आबा' म्हणत नसत. 'साहेब' म्हणत. शिकायला लागले त्या दिवसापासूनची ती शिस्त. पाईप आढ्याला गेला की पुन्हा आबा. एकदा हे पाईप काखेत घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "साहेबांचा चहा झाला का?" मला वाटलं कोणी पाहुणे आलेत. मी दोन कप जास्त टाकले.

पिशवी पहिल्यांदा हातात देताना मामा प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायचे. भर उन्हात संचलन चाललंय. शेजारचा वाजवणारा चक्कर येऊन कोसळला. तुम्ही काय कराल?

कुणी म्हणायचं, पाणी देऊ. कुणी म्हणायचं, उचलू.

"त्याला वलांडायचं," मामा म्हणायचे. "उचलणारे येगळे असतात. तू सूर सोडायचा न्हाई."

हे सांगताना त्यांचा आवाज वेगळाच व्हायचा म्हणे. मी ऐकलं ते यांच्या तोंडून. यांचाही आवाज तेव्हा तसाच व्हायचा.

माझं लग्न जमवताना मध्यस्थ आमच्या घरी येऊन म्हणाला होता, "घर चांगलं आहे. विहिरीला पाणी आहे. मुलगा शाळेत बँड शिकवतो, पगार आहे. आणि सासरा असा की पोटच्या पोराला वाजवत नेलं, एक सूर हलला नाही."

विहीर, पगार आणि मग हे. माझ्या वडिलांनी तिन्हींना सारखीच मान डोलावली.

ते पोर म्हणजे मानसिंग, माझे थोरले दीर. सीमेवर गेले. शवपेटी गावात आली तेव्हा बँड यायला उशीर होता. म्हणून मामांनी जुनी वर्दी चढवली, पाईप खांद्याला लावला आणि पुढे उभे राहिले. घरापासून हिरण्यकेशीच्या काठापर्यंत वाजवत गेले. एकदाही मागे वळून बघितलं नाही. बायका रडायच्या थांबल्या होत्या म्हणे, ते ऐकताना. माणसं अजून सांगतात. ज्यांनी ऐकलं नाही तीही सांगतात.

लग्नानंतर यांनी मला पहिल्यांदा फिरायला नेलं ते रामतीर्थाला. पाणी कोसळत होतं. शेजारी एक जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं.

"आबांनी दादाला वाजवत नेलं," हे पाण्याकडे बघत म्हणाले. "मी शाळेत होतो तेव्हा. मी आबांना तसंच नेणार."

मी मान हलवली. पाण्याचा आवाज खूप होता, त्यामुळे मान हलवणं पुरलं.

थंडी सुरू झाली तशी मामांची छाती आणखी बिघडली. फुंकायला तर डॉक्टरांनी केव्हाच बंदी केली होती. त्याऐवजी एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं, तीन निळ्या गोळ्यांचं. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, गोळ्या वर जायला हव्यात. मामा ताठ बसून, परेडला बसल्यासारखे, ती नळी तोंडात धरायचे.

एक गोळी जागची हलायची. दोन तशाच बसून राहायच्या.

"या दोन बंडखोर," मामा मला म्हणायचे. "यांना पाणी भरायला लावलं पाहिजे."

मी हसायचे. मग ते खेळणं पुसून खिडकीत ठेवायचे.

शाळेतून आल्यावर हे खळ्यावर उभे राहून रोज तीच संथ चाल वाजवायचे. मयताची. दुसरं काही नाही. मामा आत पलंगावर पडून आपल्याच अंत्ययात्रेची तालीम ऐकायचे.

मधेच मला हाक मारायचे. "बाळ, त्याला सांग, चढताना तिसरं बोट उशिरा पडतंय."

मी परसदारी जाऊन सांगायचे, "मामा म्हणतात, तिसरं बोट."

हे मान हलवायचे. पुढच्या फेरीला बोट वेळेवर पडायचं. मामा आत डोळे मिटून घ्यायचे.

आणि मला माळ्यावर ऐकलेलं आठवायचं. हा माणूस बोटसुद्धा सुधारून घेतो आहे, आणि वाजवू देणार नाही. हे मी कुणाला विचारणार... माझं तर ते ऐकणंच चोरीचं.

शेवटी फुटलं ते आत्यांकडून. पानावर बसलो होतो. हे सांगत होते, सरपंच म्हणाले, वेळ आली तर फौजेचा बँड बोलवायला नको, विशू आहे की.

आत्यांच्या हातात भाताचं पातेलं होतं. "गावभर सांगत फिरू नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या आबांच्या मनात न्हाई."

"काय मनात नाही?"

"तू वाजवायचं."

यांनी पानातून हात काढून घेतला. मामा आत झोपले होते, निदान पलंगावर होते.  मग हे म्हणाले, "भात राहू दे," आणि उठले.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी ऊन आलं तशी मी मामांची खुर्ची खळ्यावर नेऊन ठेवली. गुडघ्यांवर घोंगडं टाकलं. शर्टाच्या खिशात पंप आहे ना ते बघितलं. श्वास अडकला की तोंडात उडवायचा तो छोटा पंप. होता. मी बाजूला सुपात तांदूळ निवडायला बसले.

हे आले. पाईप खांद्याला. समोर येऊन सावधान उभे राहिले.

"साहेब, माझं काय चुकतं?"

मामांनी डोळे उघडले नाहीत. "कुठं?"

"ते तुम्ही सांगायचं. बोटं?"

"बोटं चांगली हायती."

"कोपर?"

"चांगलं."

"सूर हलतो?"

"न्हाई."

"मग मी का नाही?"

मामांनी मान उन्हाकडे फिरवली.

"बाहेरचा कुणी आणणार आहात का? तसं सांगा. आजपर्यंत किती जणांना पोचवलंय मी. हवालदारांना पोचवलं, गुरवांच्या आजोबांना पोचवलं. कुणी बोट दाखवलंय माझ्याकडे?"

"न्हाई दाखवलं."

"मग?"

मामांनी घोंगडं नीट केलं. नीटच होतं ते.

यांचा आवाज उतरला. "दादाच्या वेळी मी तुमच्या मागून चालत होतो. तुमची पाठ दिसत होती फक्त. सगळे रडत होते, आणि तुमची पाठ सरळ. तेव्हाच ठरवलं मी. हे शिकणं, ही नोकरी, त्या शाळेतल्या पोरांची बोटं धरून बसवणं... सगळं त्यासाठी केलं. लोकांच्या लग्नात वाजवायला नव्हतो शिकलो मी, साहेब."

आता मामांनी डोळे उघडले. यांच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं.

"पाठ दिसत व्हती," ते म्हणाले.

"हो."

"तोंड?"

"तोंड कसं दिसणार? तुम्ही पुढं होतात."

"हं..."

मग मामांनी हातानं खूण केली. "वाजव."

"कुठली?"

"तीच."

यांनी पिशवी भरली. आधी त्या खांद्यावरच्या तीन नळ्या घुमल्या, मग बोटं उठली आणि चाल सुरू झाली. या वाद्याला आवाज कमी करणं ठाऊकच नाही. हळू वाजव म्हटलं तर गती हळू होते, आवाज तेवढाच. काजूवरचे कावळे उडून गेले. सुपातल्या तांदळावर बोट ठेवलं तर तांदूळ थरथरतोय असं वाटत होतं.

मी तोपर्यंत ती चाल कितीतरी वेळा ऐकली होती. तरी त्या दिवशी ती वेगळी होती. सुंदर होती. यांना मागायचं होतं ते सगळं यांनी तिच्यात घातलं होतं.

मामांचे खांदे हलताना दिसले.

मला आधी वाटलं, रडताहेत. मग कळलं, खोकला आहे. ऐकू येत नव्हता. नुसता दिसत होता. तोंड उघडं, मान पुढे, आणि आवाज काहीच नाही, कारण खळ्यावर दुसऱ्या कुठल्या आवाजाला जागाच नव्हती. घोंगडं खाली घसरलं. ओठांचा रंग बदलला.

मी सूप टाकून धावले.

"अहो," मी म्हणाले. मग ओरडले, "अहो, थांबा."

हे थांबले नाहीत.

आत्या आतून आल्या, पिठाच्या हातानं. त्यांनी मामांना पुढे वाकवून छातीला धरलं, मी खिशात हात घातला. पंप हातातून निसटला, तांदळात पडला. पुन्हा उचलला. मामांच्या तोंडाशी धरला, दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली होती आणि डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते.

मी मान वर करून यांच्याकडे बघितलं. हे आमच्याकडेच बघत होते. डोळे मोठे झालेले, कपाळावर घाम. बोटं मात्र जिथल्या तिथे पडत होती. तिसरं बोटसुद्धा वेळेवर. चालीचा पहिला भाग संपला. दुसरा सुरू झाला. तो दोनदा घ्यायचा असतो. यांनी दोनदा घेतला.

दुसऱ्या फेरीत कधीतरी मामांच्या छातीत हवा शिरली. पाठीवर टेकलेल्या माझ्या हाताला ती कळली. पाठ वर आली, खाली गेली. परत वर आली.

चाल संपली. यांनी शेवटचा सूर कापला तो असा की पिशवीत उरलेली हवा जराही कण्हली नाही. नवशिक्यांना ते वर्षानुवर्षं जमत नाही.

आता मामांचा श्वास ऐकू आला. शिट्टी वाजल्यासारखा, तुटत तुटत. सगळ्या खळ्यावर तेवढाच आवाज होता.

"शाबाश," मामा म्हणाले.

श्वास घेतला.

"एक सूर हलला न्हाई."

यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मी तो बघितला, आणि बघितला नसता तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. मग यांची नजर खाली आली. मामांच्या छातीवर आत्यांचा पिठाचा हात होता, शर्टावर पाचही बोटं उमटली होती. जमिनीवर तांदूळ सांडला होता. चेहरा हळूहळू विझला.

"मला वाटलं..." हे म्हणाले. "मला वाटलं तुम्ही परीक्षा घेताय, साहेब."

"मलापण तसंच वाटलं व्हतं," मामा म्हणाले. "त्या दिवशी."

आत्यांचा हात छातीवर तसाच थांबला.

मामा एकेक वाक्य बोलायचे आणि मधे श्वास गोळा करायचे. आम्ही थांबायचो.

"मानसिंगला खांदा कुणी दिला?"

"गावानं. काका होते. फौजेचे लोक होते." हे जरा थांबले. "मी होतो."

"तुझा खांदा पुरत नव्हता."

"हात लावला होता मी."

"हं. मुखात पाणी कुणी घातलं?"

"आईनं."

"अग्नी?"

"मी दिला. बापूकाकांनी हात धरला होता माझा."

"बाप जिवंत असून?"

यांनी सांडलेल्या तांदळाकडे बघितलं.

"माझ्या खांद्यावर काय व्हतं, विशू?"

यांच्या डाव्या खांद्यावर त्या तीन नळ्या टेकलेल्या होत्या, रेशमी दोरीनं एकमेकींना बांधलेल्या. यांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. पण खांदा थोडा आखडला.

"काठावर पोचलो," मामा म्हणाले. "तिथंपण वाजवतच ऱ्हायलो. थांबलो, तेव्हा लाकडं पेटली व्हती. लोक येऊन माझा हात हातात घ्यायला लागले. मेजर, काय वाजवलंसा..."

बराच वेळ नुसता श्वास.

"सगळ्यांनी पोचवलं त्याला," मामा म्हणाले. "मी वाजवत व्हतो."

आत्यांना कुठल्याही गोष्टीवर बोलायला श्वास पुरतो.  त्या दिवशी त्यांनी नुसतं पदरानं मामांच्या शर्टावरचं पीठ पुसायला सुरुवात केली. पीठ आणखी पसरत गेलं. त्या पुसत राहिल्या.

मला वाटलं, आता हे पाईप उतरवतील. निदान मला तसं वाटलं. पण माणूस इतक्या वर्षांचं ठरवलेलं एका सकाळी सोडत नाही.

"म्हणजे तुम्हाला असंच न्यायचं?" हे म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "मुक्यानं? पाईप मेजरला?"

"न्यायचं."

"गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे."

"साहेब, निदान दारापर्यंत..."

"न्हाई."

"वेशीपर्यंत. वेशीपर्यंत मी वाजवतो. तिथं पाईप दुसऱ्याकडे देतो आणि खांदा द्यायला येतो. वेशीपासून पुढं सगळा वेळ खांद्याला मी. मग तर झालं?"

 मी मामांकडे बघत होते. त्यांच्या मांडीवर बोटं हलायला लागली. ती चाल मोजत होती.

"वेशीपर्यंत चाल बसत न्हाई," ते म्हणाले. "मधेच तोडावी लागंल."

"हळू चाललं तर बसते."

"हळू म्हंजे कसं? खांदेकरी तुझ्या पायानं चालतात व्हय?"

"त्यांना आधी सांगून ठेवायचं. दोनदा बसेल. देवळाच्या वळणावर दुसऱ्यांदा सुरू केली की बरोबर वेशीवर संपते. मी चालून बघितलंय."

"चालून बघितलंयस?"

"हो."

"वळणावर उतार हाय. तिथं पाय घसरला तर कोपर सुटंल."

"नाही सुटणार. बाहेरच्या अंगानं वळायचं."

"बाहेरच्या अंगाला गटार हाय, येड्या."

"मग आतून."

"आतून... आतून चालंल," मामा म्हणाले, आणि त्यांना पुन्हा खोकला आला. लहानसा. तो आवरून त्यांनी हात वर केला, थांब, अजून बोलायचंय अशा अर्थानं. "पण पाईप घेणारा शिकलेला पाह्यजे. पिशवी धरायला येत न्हाई, तर हवा ओरडती. भर मयतात ओरडंल ती."

"मी एकाला तयार करतो."

"कुणाला?"

"बघतो ना. वेळ आहे अजून..."

एवढं बोलून हे थबकले. मामाही थबकले. पण क्षणभरच. मग मामा म्हणाले, "त्या गुरवांच्या थोरल्याला घे. हात बरा हाय त्याचा," आणि हे म्हणाले, "हो, त्याला जमेल." दोघांचे आवाज अगदी सारखे येत होते, एकाच खळ्यावर शिकलेले. आत्या डोळ्यांना पदर लावून त्यांचं ऐकत होत्या. मामांचा एक हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता, रिकामा, तळवा वर. यांचे दोन्ही हात पाईपवर होते.

मी सांडलेले तांदूळ भरायला वाकले होते. ते तसेच टाकून उठले. या घरात आल्यापासून मी विचारल्याशिवाय बोलले नव्हते, त्यामुळे मी दोघांच्या मधे येऊन उभी राहिले तेव्हा तिघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मामा अजून आहेत," मी म्हणाले. "अहो, तो पाईप ठेवा खाली, आणि त्यांच्याजवळ बसा."